मशीनला हात कोणाचा लागला होता

माझ्या पोटातलं ओठांवर यायच्या आधी आपल्याला कळतं, असा माझ्या बायकोचा दावा आहे आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. पण हे तिलाही माहीत नाही. मुलाला नाही, भावाला नाही, ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं एका टेबलावर चहा प्यायलो त्या मित्रांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. किंवा तुम्ही मधेच उठून चहा टाकायला जाणार नाही म्हणून — बायको नेमकी अशा वेळी उठते.

आधी एक सांगून ठेवतो. मी चौकस माणूस. लहानपणी पुणतांब्याला गोदावरीच्या काठावर पाणी उपसायचं एक इंजिन होतं. त्याचं झाकण उघडून बघितलं म्हणून मी मार खाल्ला होता, आणि मार खातानाही झाकणाखाली काय काय दिसलं तेच मनात घोळवत होतो. पुढे कॉलेजात अंधश्रद्धेवर भाषणं ठोकायचो. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते शोधायला हवं — हे माझं ठरलेलं वाक्य. टाळ्याही पडायच्या. हे भाषणाचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नगरला एका दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागात होतो. संघाचं नाव सांगत नाही, त्याचा यात काही दोष नाही. विभाग म्हणजे मी, आमचे साहेब आणि एक एसी — तो मशीनसाठी, आमच्यासाठी नव्हे. गावोगावचं दूध टेम्पोतून त्या त्या भागातल्या शीतकरण केंद्रावर यायचं, तिथे त्याची फॅट तपासायची, आणि आकडे केंद्रावरच्या मशीनमध्ये भरायचे. आता त्याला सर्व्हर म्हणतात. तेव्हा आम्ही नुसतं मशीन म्हणायचो. ते मशीन आणि आमचं नगरचं ऑफिस यांच्यामध्ये टेलिफोनची तार, आणि दोन्ही टोकांना एकेक मोडेम. नंबर फिरवला की मोडेम किंचाळायचा, खरखरायचा, मग एकदम गप्प व्हायचा. आणि नगरला माझ्या समोरच्या पडद्यावर मिरजगावचं मशीन विचारायचं — कोण आहेस, नाव टाक. दरवेळी मला नवल वाटायचं. मी इथे खुर्चीत बसलोय आणि माझी बोटं तिकडे मिरजगावात, हायवेलगतच्या त्या पत्र्याच्या खोलीत चालतायत. तुम्हाला नसतं वाटलं नवल?

दोन हजार साल तोंडावर आलं होतं. तारखेत दोन शून्यं आली की जुनी मशीनं गोंधळतील, असं सगळीकडे बोललं जात होतं, म्हणून प्रत्येक केंद्राच्या मशीनवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची होती. साहेबांचा नियम स्पष्ट होता. तिथे जायचं, केंद्रप्रमुखाला सांगायचं, मशीनसमोर बसायचं आणि मगच हात घालायचा. "उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत," असं ते म्हणायचे. मी आधी सोनईच्या केंद्रावर एसटीने गेलो, मशीनसमोर बसलो, काम करून परत आलो. काही अडचण आली नाही. आणि परतीच्या एसटीतच तो किडा डोक्यात शिरला — समोर बसून मी असं काय केलं, जे नगरहून करता आलं नसतं?

विचार करा. मशीन चालू झालं की सगळ्यात आधी ते एक फाइल वाचतं. तिला आपण गाभा म्हणू. बाकी सगळी सिस्टीम त्या गाभ्याभोवती उभी असते. नव्या सिस्टीमच्या फायली फोनच्या तारेवरून थोड्या थोड्या करून पाठवता येत होत्या. नवा गाभा तिकडच्या तिकडे तयार करता येत होता. मग मशीनला सांगायचं, बंद हो आणि पुन्हा चालू हो. झालं. चालत्या गाडीचं इंजिन बदलायचं, तेही दुसऱ्या गावात बसून. आपल्याकडे असं कोणी केल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. जमेल का? एवढंच मला बघायचं होतं. बढती नको होती, एसटीचा कंटाळा नव्हता. फक्त बघायचं होतं.

पुढचा नंबर मिरजगावचा होता, पण त्यासाठी तिकडच्या टोकाला एक माणूस लागणार होता.

त्या होत्या साळवेबाई. शोभा साळवे. केंद्रावर आकडे भरायचं काम त्यांच्याकडे होतं. बारावी झालेल्या, कर्जतला क्लास लावून कॉम्प्युटर शिकलेल्या. ती जागा त्यांना सहज मिळाली नव्हती. केंद्रावर बाईमाणूस खुर्चीत बसून काम करतंय हे तिथे पहिल्यांदाच घडत होतं, आणि त्यात ती साळव्यांची, हेही काही जणांना दिसत होतंच. छप्पन सालानंतर बुद्ध धम्मात आलेलं त्यांचं घर. खंडेनवमीला केंद्रावर कॉम्प्रेसरपासून टेम्पोपर्यंत सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची — धुऊनपुसून झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. कॉम्प्युटरलाही हार पडायचा. साळवेबाई स्वतः पूजा करत नसत, पण कोणाला अडवतही नसत. तेवढा वेळ त्या बाहेर जाऊन चहा घ्यायच्या. त्यांचं ते करतील, माझं मी, असा सरळ हिशेब होता. कोणाला कधी खुपलं नव्हतं.

मी त्यांना फोनवर माझा बेत सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हंजे सर, तुमी हितं न येता हितलं समदं बदलनार?"

तो आवाज अजून कानात आहे. आमच्या साहेबांनी हेच ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता. या बाईच्या आवाजात शंका नव्हती, भीती नव्हती. त्यांनाही बघायचं होतं. मग त्यांनी विचारलं, जुनं जाऊन नवं येईपर्यंत मधल्या वेळात मशीनमध्ये काय असतं? मला इतका आनंद झाला की काय सांगू. सगळ्या संघात असा प्रश्न विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

दिवस मी निवडला खंडेनवमीचा. सकाळचं दूध आटोपलं की पूजेसाठी काम थांबतं, संध्याकाळच्या दुधापर्यंत मशीनला कोणी विचारत नाही. मी साळवेबाईंना सांगितलं, मशीन चालू राहू द्या, मोडेम चालू राहू द्या, आणि माझा फोन येईपर्यंत कोणालाही मशीनला हात लावू देऊ नका. कोणालाही. चुकून एक वायर हलली तरी सगळं मुसळ केरात. आणि हो — कोणाला सांगू नका. जमलं की मीच सांगेन.

"न्हाई सांगत, सर," त्या म्हणाल्या.

जमलं की. नाही जमलं तर काय, हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

नव्या फायली आधीच जाऊन पोचल्या होत्या. त्या दिवशी लाइनही चांगली लागली. नवा गाभा तयार करायला घेतला तर मशीन म्हणालं, डिस्कवर जागा नाही. आता — इथे हुशार माणूस थांबतो. मी इकडेतिकडे पाहिलं, कोणती मोठी फाइल काढता येईल? जुना गाभा. नवा येणारच आहे, मग जुना कशाला? खरं तर तो ठेवायचा असतो याचसाठी, की नव्याने दगा दिला तर मशीन जुन्यावर उभं करता यावं. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मी एक ओळ टाइप केली आणि तो काढून टाकला. जागा झाली. नव्या गाभ्यासाठी सोनईला वापरलेली जुळणी, म्हणजे मशीनमध्ये काय काय बसवलंय हे गाभ्याला सांगणारी यादी, जशीच्या तशी घेतली, कारण सोनईचं आणि मिरजगावचं मशीन एकाच वेळी एकाच टेम्पोतून उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मिरजगावच्या मशीनची डिस्क आणि ती मशीनला जोडणारं कार्ड मधे बिघडून बदललं होतं, हे बघायला मला फार तर दोन ओळी टाइप कराव्या लागल्या असत्या. मी चौकस ना? तेवढंच नेमकं बघितलं नाही.

मशीनला सांगितलं, बंद हो, पुन्हा चालू हो. लाइन तुटली. ती तुटणारच होती. थोडं थांबून मी पुन्हा नंबर फिरवला. फोन वाजत राहिला, मोडेम काही उचलेना. शेवटी फोन उचलला तो साळवेबाईंनी. म्हणाल्या, सगळं काळं दिसतंय, खाली कायतरी इंग्रजी लिहिलंय. मी म्हटलं, वाचा. त्यांनी एकेक अक्षर वाचलं. मशीन म्हणत होतं की मला माझीच डिस्क सापडत नाही.

मी नगरला खुर्चीत बसून घामाने भिजलो होतो, तेही एसीत. बाईंना म्हटलं, बंद करा, उद्या दसरा आहे, तो झाला की मी येतो. कोणी विचारलं तर म्हणा आपोआप बंद पडलं. त्यावर त्या "बरं" एवढंच म्हणाल्या. आवाज खाली गेला होता. मागे कोणाची तरी बडबड ऐकू येत होती. तिकडे काय चाललं होतं, हे मी विचारलं नाही.

काय चाललं होतं ते मला तिथे गेल्यावर कळलं. मी एसटीतून उतरलो तर हायवेवरच्या हॉटेलवाल्यानेच विचारलं, मशीन दुरुस्त करायला का? आणि त्यानेच सगळं सांगितलं. खंडेनवमीला पोरं हार घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत गेली तर साळवेबाई दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आज हात लावायचा न्हाई. का? तर कारण सांगेनात. दरवर्षी लावू देतात, आज का नाही? कारण सांगेनात. पोरं हार घेऊन माघारी फिरली, त्यांनी तो सायकलच्या हँडलला बांधला. आणि थोड्याच वेळात मशीन बंद. संध्याकाळचं दूध आलं, ते पाटीवर खडूने लिहून घ्यावं लागलं, फॅटचे आकडे मागेपुढे झाले, टेम्पोवाले बोंबलले. मग काय — सगळ्या केंद्राने, बाजारतळाने, अर्ध्या गावाने निकाल लावून टाकला. हळदकुंकू लागू दिलं नाही, मशीनला हात लावू दिला नाही, म्हणून मशीन गेलं. काहींनी पुढचंही जोडलं. यांना देवाधर्माचं काय. तुम्हाला ते बोलणं माहीत असेल, मी इथे सगळं लिहीत नाही.

एसटी स्टँडपासून केंद्र जवळच आहे. तेवढ्या वाटेत मला सगळं समजलं होतं. त्या दारात उभ्या राहिल्या त्या माझ्यासाठी. कारण सांगितलं नाही तेही माझ्यासाठी.

केंद्रप्रमुख होते शेळके अण्णा. वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. धोतरातला, साठीकडे झुकलेला, कोणावर आवाज न चढवणारा. मी मशीन उघडून बसलो, डिस्कचं कार्ड बदललेलं पाहिलं आणि मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या. नवी सिस्टीम मुळापासून टाकायला घेतली. अण्णा शेजारी स्टुलावर येऊन बसले. थोडा वेळ बघत राहिले. मग आवाज खाली करून म्हणाले, "साहेब, तुमी शिकलेले. मला खरं सांगा. पूजा न्हाई झाली म्हनून असं व्हतंय का?"

बघा. माणूस मला विचारत होता. त्यांनी ठरवलेलं नव्हतं, त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी नुसतं नाही म्हणायचं होतं. "नाही, अण्णा." दोन शब्द. फार तर म्हणायचं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. ते अर्धंच खरं झालं असतं, पण बाई तरी सुटल्या असत्या. माझं नावही पुढे आलं नसतं. मी एवढंसुद्धा म्हटलं नाही. मला वाटलं, नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार — मग कशाने झालं?

मी म्हणालो, "यंत्राचं काय सांगावं, अण्णा. होतं कधी कधी असं."

हेच ते. इतकी पानं मी याच्याभोवती घिरट्या घालत होतो. प्रत्येक गोष्टीला कारण असतं म्हणून टाळ्या घेणारा मी, कारण माझ्या खिशात असताना असं बोललो. आणि सहज बोललो. जीभ अडखळली नाही. त्याचं मला आजही सगळ्यात जास्त कुतूहल वाटतं — ते वाक्य माझ्यात कुठून तयार होऊन आलं? कधीपासून तिथे बसलं होतं? सोनईच्या एसटीत मी ज्या उत्साहाने गाभ्याचा विचार करत होतो, तितक्याच बारकाईने मी नंतर या वाक्याचा विचार केला आहे. झाकण उघडून पाहिलं. आत फार काही गुंतागुंतीचं नाही. मी घाबरलो होतो, आणि समोर एक बाई अशी होती की तिच्याबद्दल लोक काहीही मानायला आधीच तयार होते. मला फक्त मान हलवायची होती.

मी वळून पाहिलं तर साळवेबाई दारात होत्या. हातात फॅटच्या नमुन्यांच्या बाटल्यांचा ट्रे. त्यांनी ऐकलं होतं. त्या रागावल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या, पुढे मी काही बोलेन म्हणून थांबल्यासारख्या. मी पडद्याकडे वळलो.

मशीन चालू झालं तेव्हा अण्णा म्हणाले, आता राहिलेली पूजा उरकूनच घेऊ, तुमच्याच हातानं होऊ द्या. नारळ आला, हार आला, ताटात हळदकुंकू. मी — अंधश्रद्धेवर बोलणारा — चपला काढल्या, मशीनच्या कपाळावर, म्हणजे पुढच्या पत्र्यावर, कुंकवाचं बोट लावलं, हार घातला आणि नारळ फोडला. सगळे बघत होते. पाणी मशीनच्या कडेवर उडालं. तेवढ्यात मागून कोणीतरी फडका पुढे केला.

"सर, पानी आत जाईल," साळवेबाई म्हणाल्या.

मी फडका घेतला आणि पुसलं. त्यांच्याकडे न बघता.

अण्णांनी लोकांची तोंडं बंद करायला त्यांना मशीनवरून काढलं आणि बाटल्या धुवायला लावलं. गरम पाणी, सोडा आणि त्या काचेच्या नळ्या. खुर्चीत दुसरा मुलगा आला. जाताना मी स्टँडकडे निघालो तर त्या फाटकापर्यंत आल्या. एवढंच विचारलं की मी सांगेन ना. मी म्हटलं, बघतो, साहेबांशी बोलतो. साहेबांना मी जाऊन सांगितलं की डिस्कचं कार्ड खराब होतं. त्यांनी माझी पाठ थोपटली. सणासुदीला धावून गेलो म्हणून.

मग काय झालं ते सांगू? काही आठवड्यांनी मी साहेबांची रीतसर परवानगी काढली आणि उरलेल्या केंद्रांची कामं नगरहून, फोनच्या तारेवरून केली. एक मशीन अडलं नाही. कारण प्रत्येक वेळी आधी डिस्कचं कार्ड बघायचो आणि जुना गाभा जपून ठेवायचो. नव्या पोरांना शिकवताना पहिला नियम तोच सांगायचो — जुनं काढू नका. पोरांना वाटायचं, काय अनुभवी माणूस आहे. कुठून आला तो अनुभव, हे कोणी विचारलं नाही. मीही मिठाची गुळणी धरून बसलो.

साळवेबाईंनी कोणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मी खूप विचार केला. सांगून कोणी विश्वास ठेवला नसता म्हणून? की शब्द दिला होता म्हणून? मला वाटतं दुसरं. पण मला असं वाटणंही माझ्याच सोयीचं आहे, नाही का?

त्या एकदाच पुन्हा भेटल्या. कर्जतच्या स्टँडवर. केंद्र त्यांनी केव्हाच सोडलं होतं, तिथल्याच एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगची कामं करत होत्या. मी त्यांना आधी पाहिलं आणि रसवंतीच्या आड सरकणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. बरं हाय का, सर. मी बरं म्हटलं. आता येणार, आता बोलणार, मी तयारी करत होतो. ऐकून घ्यायची तयारी. पायाही पडलो असतो त्या वेळी, खरं सांगतो.

त्या जरा पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "सर, एक विचारायचं ऱ्हाऊन गेल्तं. जमलं का मग? नगरवरनं?"

मी म्हणालो, "जमलं."

"मला वाटलंच हुतं जमंल," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. टोमणा नव्हता तो. मी टोमणा शोधला, तिथे नव्हता. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. त्यांची गाडी लागली, त्या चढल्या, आणि मी काही बोललो नाही. खिडकीतून त्यांनी हात हलवला, मीही हलवला.

मिरजगावला त्या दिवसाचा विषय निघाला की जुनी माणसं अजूनही तसंच सांगतात, असं ऐकतो. त्या खंडेनवमीला साळवेबाईंनी मशीनला कोणाचा हात लागू दिला नाही, म्हणून ते बंद पडलं.

हात लागला होता. माझा. नगरहून.